बालादेहचे घरजावई

पिस्त्याच्या बागेत सगळ्यात जास्त शिव्या कोण खातो, तर नर झाड. बालादेहच्या लोकांनी त्याचं नावच घरजावई ठेवलं होतं. वसंतात चार दिवस पिवळी धूळ उडवली की याची वर्षाची नोकरी संपली. बाकी वर्षभर पाणी प्यायचं, फळ म्हणाल तर एक द्यायचं नाही, आणि वर मादी झाडांपेक्षा दोन हात उंच वाढून ऐटीत उभं राहायचं. त्या चार दिवसांच्या धुळीवाचून पिस्ता पोचट राहतो, टरफल धरतं पण आत दाणा भरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्याचबरोबर हेही ठाऊक होतं की धूळ वाऱ्यावर जाते आणि वारा कुणाची भिंत मानत नाही. म्हणजे घरजावई असावा, पण तो शेजाऱ्याच्या घरी असावा.

या गावात झाडांना डोळे भरायचं, कलमं करायचं काम उस्ता बमानअलीकडे होतं. आधीची भावंडं दगावली म्हणून आईने त्याचं नाव बमान ठेवलं, म्हणजे 'राहा रे बाबा'. तो राहिला. इतका राहिला की पस्तिशी उलटली तरी लग्नाचाही राहिला. माणूस हाताचा हुशार आणि तोंडाचा बंद. कलमवाल्याला प्रत्येक भिंतीआड जावं लागतं. कुणी दुसऱ्याच्या पाळीचं पाणी हळूच वळवलंय, कुणाची सून रुसून माहेरी गेलीय, सगळं त्याच्या नजरेला पडतं. बमानअली भिंतीबाहेर आला की मुका. गावातल्या बायका म्हणायच्या, या माणसाच्या पोटात विहीर आहे, टाकलेलं वर येत नाही.

त्या बंद तोंडावर भाळूनच पायीनदेहच्या कदखुदा शहबाजने, म्हणजे त्या गावच्या कारभाऱ्याने, आपली मुलगी सनोबर त्याला देऊ केली होती. साखरेचे सुळके फुटले होते, सासऱ्याच्या बोटात सोयरिकीची अंगठी गेली होती, शरदात पिस्ता उतरला की लग्न. बमानअली त्या दिवसापासून जमिनीला पाय न लावता चालत होता, असं त्याची आईच सांगायची. सनोबर तीक्ष्ण जिभेची होती, हसरी होती, आणि तिला तो आवडत होता. यापेक्षा जास्त त्याने आयुष्याकडे कधी मागितलं नव्हतं.

एवढी सोयरीक जुळली हेच मोठं नवल, कारण दोन्ही गावांमधून विस्तव जात नव्हता. भुयारी कालवा एकच, पाणी आधी बालादेहला, मग खाली पायीनदेहला. पण भांडण पाण्याचं नव्हतं, भांडण होतं पिस्त्याचं. फार पूर्वी खोरासानातून एक उंटवाला आला. तिकडे सरख्सच्या पलीकडे डोंगरउतारावर पिस्ता रानातच उगवतो, त्याला कुणी पाणी घालत नाही की खत. त्याने ते रानपिस्ते पागोट्यात बांधून आणले आणि इथे पेरले. इथल्या डोंगरातही एक रानपिस्ता होता, पण त्याचं फळ वाटाण्याएवढं, धनगरांखेरीज त्याला कुणी विचारत नव्हतं. बियांपासून आलेली निम्मी झाडं नर निघाली, तेव्हा लोक त्याला हसले. मग त्याच्या मुलाने चांगल्या झाडाचा डोळा काढून वाईट झाडावर भरला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. इथवर दोन्ही गावांचं एकमत. पण तो उंटावरून उतरला कुठे? बालादेह म्हणे, तहानलेला उंट पाणी जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबणार, म्हणजे आमच्याकडे. पायीनदेह म्हणे, दमलेला उंट चढ कशाला चढेल, तो खालीच बसणार. यावरून लग्नांत डोकी फुटली होती. त्या उंटाला मरून किती पिढ्या झाल्या, पण त्याची विश्रांती काही झाली नाही.

तर त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ कमी पडलं आणि कालवा बारीक झाला. सगळ्यात आधी हाजी मीर्झाकुलीने बमानअलीला बोलावलं. बालादेहमध्ये सगळ्यात मोठी बाग त्याची, आणि सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. त्याने भिंतीचं दार लावून घेतलं आणि नर झाडाकडे बोट दाखवलं. पाणी पिऊन पिऊन माजलंय, म्हणाला, डोकं उडव त्याचं, आणि उन्हाळ्यात नवी फूट आली की त्यावर मादीचा डोळा भर. चार वर्षांत फळ देईल. धुळीचं काय, असं उस्ताने विचारलं, तर हाजी म्हणाला की शेजाऱ्यांची आहेत की, वारा काय कुणाच्या बापाचा आहे. आणि हो, कुणाला बोलायचं नाही. नाहीतर सगळेच तोडत सुटतील, लोक किती स्वार्थी असतात तुला माहीत नाही.

बमानअलीने झाड कापलं. पुढच्या आठवड्यात मश्दी असदुल्लाने बोलावलं, त्याचंही तेच म्हणणं, शब्दाला शब्द. मग त्याच्या मेव्हण्याने. मग मशिदीमागच्या बागवाल्याने. प्रत्येकाने दार लावून घेतलं, प्रत्येकाने शेजाऱ्यांवर भिस्त ठेवली आणि प्रत्येकाने ओठांवर बोट ठेवलं. बमानअलीच्या मनात पाल चुकचुकायला लागली. तो म्हणे, हाजी, मश्दी, अहो एखादं तरी ठेवा, यंदा दिवस बरे नाहीत. पण कुणाचं कापलंय ते सांगायची सोय नव्हती, आणि नुसत्या सुस्काऱ्याला कोण भीक घालतो? त्याने मनाशी हिशेब मांडला, गावात अजून दोन घरांनी आपल्याला बोलावलेलं नाही. आणि खाली पायीनदेहमध्ये कदखुदाच्या बागेत तीन दांडगे नर उभे आहेत. पायीनदेहच्या बाकीच्यांनी आपले नर कधीच कापले होते, सगळं गाव कदखुदाच्या तिघांवर विसंबून होतं.

हिवाळा संपता संपता त्याला कदखुदा शहबाजचं बोलावणं आलं.

सासरचं बोलावणं म्हणून तो धुतलेला सदरा घालून गेला. शहबाज त्याला थेट बागेत घेऊन गेला आणि तिन्ही झाडं दाखवून म्हणाला, काप. बमानअलीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हातापाया पडून सांगितलं की यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. शहबाज हसला. वर बालादेहमध्ये घरजावयांची काय कमी आहे, म्हणाला, पिढ्यान्‌पिढ्या आमचं नाव चोरलं त्यांनी, एक वर्ष त्यांचा वारा आमच्यासाठी राबला तर काय बिघडलं?

"आणि ऐक उस्ता," तो शेवटी म्हणाला, "यातला एक शब्द बाहेर गेला, तर सोयरीक मोडली म्हणून समज. तुझं तोंड बंद आहे म्हणून मुलगी देतोय मी. दुसरं आहे काय तुझ्याकडे?"

खरं म्हणजे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोर सासरा उभा होता, खिडकीच्या पडद्याआड बांगड्या वाजत होत्या, आणि ती दोन घरं अजून शिल्लक आहेत अशी त्याने मनाची समजूत घातली. त्याने तिन्ही झाडांवर करवत चालवली. फांद्यांची मोळी बांधून तो मागे न बघता निघून आला.

नौरोज आला, गेला. तेराव्या दिवशी कुणी घरात बसत नाही, घरात बसलं की वर्षाची सगळी इडापिडा अंगावर येते. दोन्ही गावं कालव्याच्या काठाने बागांमध्ये पसरली. वरची मंडळी वर, खालची खाली, मध्ये एकमेकांवर डोळे ठेवायला पुरेल एवढं अंतर. समोवर उकळत होते, शेवयांचं घट्ट सार शिजत होतं, पोरं सॅलडची कोवळी पानं मधाच्या आंबटगोड पाकात बुडवून खात होती. कुणीतरी डफ काढला होता. मादी झाडांवर लालसर मोहोर नुकताच उमलला होता, आणि वाराही अगदी हवा तसा सुटला होता.

बमानअली आईने अंथरलेल्या पांढऱ्या दस्तरखानाच्या कापडापाशी जेवायला बसला. शेजारच्या बाया बोलत होत्या, यंदा किती बरं वाटतंय, नाहीतर दरवर्षी त्या मेल्या घरजावयांची धूळ चहात, साखरेत, पोरांच्या केसांत. यंदा कापड कसं स्वच्छ राहिलंय बघा.

त्याने कापडाकडे बघितलं. पांढरंशुभ्र होतं. त्याने हातातला घास खाली ठेवला.

पाणी न पिताच तो उठला आणि त्या दोन घरांच्या बागांकडे गेला. भिंतीवरून डोकावला तर पहिल्या बागेत खुंट. मालकाने उस्ताची मजुरीही वाचवली होती, स्वतःच कुऱ्हाड घातली होती. दुसऱ्या बागेत खुंटही नव्हता. तिथे कोंबड्यांचं खुराडं उभं राहिलं होतं.

आता दोन्ही गावांत मिळून एकही नर झाड उरलं नव्हतं. आणि हे आख्ख्या मुलखात एकट्या बमानअलीला माहीत होतं. बाकीचे शरदापर्यंत आनंदात राहणार होते. घोस लागणार, टरफलं फुगणार, आणि काढणीच्या दिवशी दाताखाली नुसती हवा. मोहोर फार तर चार-पाच दिवस धूळ घेतो, मग सगळं संपलं. पोटात विहीर असलेल्या माणसाला पहिल्यांदाच त्या विहिरीत आपण पडलोय असं वाटलं.

कालव्यावर सनोबर किटली भरायला आली होती. चारचौघांत बोलायची रीत नव्हती, पण तेराव्या दिवशी रीतही जरा बाहेर फिरायला जाते.

"आमची झाडं गेली ते मला माहीत आहे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "लाकडं मीच रचली. बाकीच्यांची आहेत ना, उस्ता?"

तो गप्प राहिला. सवयच ती. सनोबरने मान वर करून त्याचा चेहरा बघितला आणि तिला जे कळायचं ते कळलं. मग तुम्ही बोलत का नाही, असं तिने विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं, की बोललो तर सोयरीक मोडेल, तुझ्या बाबांचा शब्द आहे. तिला ते माहीत नव्हतं. ती अर्धीच भरलेली किटली घेऊन उठून गेली. बोला म्हणाली नाही, नका बोलू म्हणाली नाही. बमानअलीला तिचा रागच आला. एका शब्दाने तिने त्याचा जीव मोकळा केला असता.

इकडे आड तिकडे विहीर, अशा अवस्थेत त्याला एक वाट सुचली. कुणाचंही नाव न घेता बोलायचं. तो दोन्ही गावांच्या मधल्या बांधावर जाऊन उभा राहिला आणि हाक दिली. मुका बोलतोय म्हटल्यावर डफ थांबला. त्याने हाजीला एवढंच विचारलं, की यंदा तुमच्या झाडांना धूळ कुणाकडून येणार? हाजीने मश्दी असदुल्लाकडे बोट दाखवलं. मश्दीने मेव्हण्याकडे. मेव्हण्याने मशिदीमागच्या बागवाल्याकडे, त्याने खुराडेवाल्याकडे, आणि खुराडेवाल्याने फिरून हाजीकडे. बोटांची माळ पूर्ण झाली तेव्हा कालव्याच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावरून रंग उतरला. मग एकच गिल्ला झाला. तू पण? तू पण? स्वार्थी कुठला, असं प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणत होता, आणि मनापासून म्हणत होता.

शेवटी हाजीला खाली बसलेला शहबाज दिसला आणि त्याच्या जिवात जीव आला. कदखुदाचे तीन आहेत की, तो म्हणाला. सगळं गाव बांधापाशी लोटलं. वारा खालून वर येत नसेल तर फांद्या कापून आणू, झाडांवर टांगू, पण कदखुदा, यंदा वाचव.

शहबाजला काय झालं देव जाणे. त्याचीही बाग बुडालेली, हे त्यालाही त्याच घटकेला कळलं होतं. पण बालादेहचा हाजी हात जोडून समोर उभा आहे, हे दृश्य बघायला त्याचा बाप तरसत मेला होता. जीभ पुढे धावली.

"देईन की," तो म्हणाला. "पण आधी सांगा, उंट कुठे थांबला होता?"

हाजीने खाली बघितलं, मागे आपल्या माणसांकडे बघितलं, आणि तो म्हणाला, "पायीनदेहला." पायीनदेहच्या लोकांनी टोप्या उडवल्या, डफ बडवला, म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. शहबाज तेवढा हसत नव्हता. तो बमानअलीकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत धमकी होती, विनवणीही होती.

लोक चहाकडे वळले. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. बमानअलीला फक्त गप्प राहायचं होतं, जे काम त्याला जन्मभर येत होतं. शरदात बागा पोचट निघाल्या तर दोष वाऱ्यावर जाईल, आणि सनोबर त्याच्या घरात येईल. त्याला ते घर डोळ्यांसमोर दिसलं, खिडकीतली तीही दिसली. आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे दोन गावं रिकामी टरफलं फोडत बसलेलीही दिसली. त्याला रडू आलं, आणि रडतच तो ओरडला.

"कदखुदाची झाडं नाहीत. तीही मीच कापली. कुणाकडेच नाहीत. डोंगरात जा, आजच जा, वर थंडी आहे, रानपिस्ता तिथे आत्ता फुलत असेल."

शहबाज उठला. चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्याने बोटातली बमानअलीच्या आईने दिलेली अकीकाची अंगठी काढली, बांधावर ठेवली आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेला. पायीनदेहच्या डफवाल्याला डफ कुठे लपवावा ते कळेना.

पण भांडायला वेळ कुठे होता? त्याच दुपारी दोन्ही गावांची गाढवं डोंगराकडे लागली. धनगरांना वाटलं, लढाई आली. रानातले नर फुलांनी लदबदले होते, ज्यांना जन्मात कुणी घरजावई म्हटलं नव्हतं. ओल्या गोणपाटांत फांद्या गुंडाळून माणसं खाली आली आणि मग बायका, म्हातारे, पोरं, सगळे शिड्या घेऊन भिडले. झाडाझाडावर तुऱ्यांचे झुपके बांधले, पातळ कापडाच्या पिशव्यांत धूळ भरून मोहोरावर झटकली. माणसं नखशिखांत पिवळी झाली. हाजीच्या भुवया पिवळ्या, दाढी पिवळी, आणि तो शिडीवरून सगळ्यांना हुकूम सोडत होता, जणू ही कल्पना त्याचीच. वरचे खालच्यांच्या बागेत, खालचे वरच्यांच्या. शिंका तर इतक्या, की एकमेकांना दुवा देऊन लोक थकले.

कदखुदाच्या बागेकडे मात्र कुणी फिरकलं नाही. शहबाज दार लावून आत बसला होता. बमानअली तिथे गेला, भिंत चढला आणि झुपके बांधायला लागला. थोड्या वेळाने शहबाज बाहेर आला. तुला कुणी बोलावलं, असं त्याने विचारलं. कुणी नाही, उस्ता म्हणाला, पण मोहोर थांबत नाही. शिडी डुगडुगत होती म्हणून शहबाजने ती धरली. काम संपल्यावर बमानअली आला तसा भिंतीवरून गेला. अंगठीची गोष्ट कुणी काढली नाही, आणि सनोबरही दिसली नाही.

तो उन्हाळा बमानअलीला फार जड गेला. आई म्हणायची, जेव रे, तो म्हणायचा, जेवलो. खुंटांवर डोळे भरायचं काम मात्र त्याला कुणी सांगितलं नाही. प्रत्येकाने आपापल्या खुंटावर नराचीच फूट वाढू दिली, आणि शेजाऱ्याची वाढतेय ना, हे रोज भिंतीवरून डोकावून बघितलं. भर उन्हाळ्यात एक दिवस हाजी मीर्झाकुलीने एक कच्चा घोस तोडला, पिस्ता दाताखाली फोडला आणि जागच्या जागी खाली बसला. दाणा भरला होता. रानातल्या नराचा म्हणून जरा लहान, पण भरलेला, हिरवागार. मग दुसरा फोडला, तिसरा फोडला. संध्याकाळपर्यंत दोन्ही गावं हिरव्या दातांनी हसत होती.

दुसऱ्या दिवशी हाजी नवे कपडे घालून बमानअलीच्या दारात उभा राहिला. ऊठ, म्हणाला, तुला मागणी घालायला नेतो. बमानअली म्हणाला की एकदा मोडलेलं पुन्हा कोण जोडतं? हाजी म्हणाला, मूर्खा, जन्मभर फांद्या जोडतोस आणि मला विचारतोस?

निम्मं बालादेह त्यांच्यामागे निघालं, साखरेचे सुळके आणि खजूर भरलेली कुलुम्पे बिस्किटं घेऊन. शहबाजने त्यांना आत घेतलं, कारण दारात आलेल्या पाहुण्याला परतवून लावणं त्याच्या रक्तात नव्हतं. सगळे गालिच्यावर बसले. बमानअली दाराशी चपलांजवळ उभाच राहिला. ज्याची सोयरीक मोडली त्याने त्या घरात बस म्हटल्याशिवाय बसायचं नसतं.

हाजीने घसा साफ केला आणि सांगितलं, की उंट पायीनदेहलाच थांबला होता, हे यावेळी कुणाच्या भीतीने नाही, आपखुशीने म्हणतोय, हवं तर मशिदीत म्हणतो, पण मुलगी द्या.

"राहू द्या, हाजी," शहबाज म्हणाला. "उंट कुठे थांबला ते उंटालाच ठाऊक. त्या दिवशी मी खोटं बोललो, त्यावर तुम्ही आणखी एक नका चढवू."

मग तो दाराकडे वळला.

"उस्ता, एक सांग. या दोन गावांतली आणखी गुपितं आहेत तुझ्या पोटात?"

"आहेत, कदखुदा."

"माझी?"

"तुमचीही आहेत."

"ती आज इथे सांगशील?"

बमानअलीने गालिच्यावर बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. हाजी एकदम छताकडे बघायला लागला. मश्दी असदुल्लाला खोकला आला.

"नाही," बमानअली म्हणाला. "त्या गुपितांनी कुणाची बाग पोचट होत नाही."

शहबाजने आपल्या शेजारची उशी सरकवून जागा केली.

"मग उभा का आहेस? बस."

आतला पडदा तेवढ्यात सरकला, म्हणजे सनोबर पडद्याला कान लावूनच उभी होती. तिने चहाचं तबक आधी बापापुढे धरलं, मग हाजीपुढे, आणि शेवटी बमानअलीपुढे. तो पेला घ्यायला इतक्या घाईने गेला की निम्मा चहा बशीत आला. सनोबर अगदी हळू, त्याच्यापुरतंच म्हणाली, "सावकाश, उस्ता. शरदाला अजून वेळ आहे." आणि तो सगळ्यांच्या देखत, बालादेहच्या आणि पायीनदेहच्याही, मोठ्याने हसला.